क्षितिज कुठून जातं

शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या कुणालाही स्मरणचित्र समजावून सांगावं लागत नाही. एलिमेंटरी असो की इंटरमिजिएट, विषय ओळखीचे असतात: आठवडी बाजार, बसथांबा, पाणवठा, शाळेची मधली सुट्टी. कागदाच्या एका कडेला झाड, मागं दोन घरं, त्यामागं डोंगर आणि पुढं डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसणारी माणसं. धारूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत बालाघाटाचा डोंगर खिडकीतूनच दिसायचा, त्यामुळं तो काढताना आठवण ताणायची गरज नव्हती. माणसाचे पाय कापायचे नाहीत, दोन माणसं एकमेकांवर चढवायची नाहीत, कागद मोकळा सोडायचा नाही, हे आम्ही पाढ्यांसारखं पाठ केलं होतं. त्या शिकवणीनं माझा हात तयार झाला. पेन्सिल न उचलता माणूस उभा करता येऊ लागला, धोतराच्या निऱ्या आणि लुगड्याचा काष्टा न बघता जमू लागला.

बीडला पत्रकारिता आणि जनसंवाद शिकताना शेवटच्या वर्षी लघुपटाचा प्रकल्प आला. गट पडले, कामं वाटली गेली, आणि इंटरमिजिएटचं प्रमाणपत्र असलेली वर्गात मी एकटीच म्हणून स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रणाआधी प्रत्येक शॉट कागदावर काढायचं काम, माझ्याकडं आलं. गोष्ट साधी होती. दहा वर्षांची एक मुलगी, तिचे आई-वडील ऊसतोडीला निघतात, ती आजीजवळ गावी राहते. हंगाम संपतो, ते परत येतात. दिग्दर्शन करणारी मैत्रीण बीड शहरात वाढलेली, शिक्षकाची मुलगी. तिनं पुष्कळ वाचलं होतं, पटकथा तिनंच लिहिली होती आणि चांगली लिहिली होती. ऊसतोडीची टोळी निघताना मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. माझ्या लहानपणी घरातला कोयता दिवाळीनंतर सांगली-कोल्हापूरकडं जायचा आणि हंगाम संपून पट्टा पडला की चैत्राच्या सुमाराला परतायचा. बाहेरच्या वाचकासाठी एवढंच सांगते की आमच्याकडं कोयता मोजतात तो जोडप्याचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल त्या जोडीच्या नावावर घेतलेली असते.

आम्हाला बोर्डाची गरज पडली ती वेळेमुळं. भाड्यानं ट्रक आणून, गावकऱ्यांना गोळा करून प्रसंग उभा करण्याइतके पैसे नव्हते. पाटोद्याकडच्या एका गावातली टोळी खरीखुरी निघणार होती, आणि तिचा मुकादम चित्रण करू द्यायला तयार झाला होता. ट्रक भरायला लागेल तेवढाच वेळ आपला. बाजरीची पोती, पिठाचे डबे, कोपीच्या चटया, सरपण, कोंबड्यांची डालगी, हे सगळं एकदा वर चढलं की कुणी आपल्यासाठी परत खाली उतरवणार नाही. नारळ फुटला की गाडी हलणार. अशा ठिकाणी कॅमेरा कुठं लावू या म्हणत फिरता येत नाही. ते आधी कागदावर फिरून व्हावं लागतं.

चित्रपटाचा पेपर शिकवणाऱ्या सरांनी मला पहिले काही दिवस चौकट काढूच दिली नाही. आधी नकाशा, असं त्यांचं म्हणणं. गावातल्या त्या जागेचा वरून दिसणारा नकाशा: मारुतीचा पार, लिंब, हॉटेलची पत्र्याची शेड, डांबरी सडक, ट्रक उभा राहणार ती जागा, मुलगी आणि आजी उभ्या राहणार ती जागा. उत्तर कुठं, सूर्य कुठून येणार. त्या नकाशावर कॅमेऱ्यासाठी छोटे त्रिकोण काढायचे आणि त्यांना क्रमांक द्यायचे. मग मुलगी आणि ट्रक यांना जोडणारी एक रेषा ओढायची आणि सगळे त्रिकोण रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचे. रेषा ओलांडून पलीकडून चित्रण केलं तर आधीच्या शॉटमध्ये उजवीकडं बघणारी मुलगी पुढच्या शॉटमध्ये डावीकडं बघू लागते, आणि प्रेक्षकाला वाटतं ती तोंड फिरवून उभी राहिली. आईच्या निघण्याच्या प्रसंगात तसं वाटलं तर गोष्टच बदलली.

याच रेषेतून मला दिशेचं महत्त्व उमगलं. आमचा ट्रक प्रत्येक चौकटीत डावीकडून उजवीकडं जातो, असं आम्ही ठरवलं. गावातून निघताना, घाट उतरताना, वळणावर दिसेनासा होताना, सगळीकडं तसंच. त्यामुळं फिल्मच्या शेवटी ट्रक उजवीकडून चौकटीत शिरला की कुणी एक शब्द बोलायच्या आधी प्रेक्षकाला कळतं, टोळी परत आली. पटकथेत या जागी चार ओळींचा संवाद होता. दिग्दर्शक मैत्रिणीनं बोर्ड पाहिला आणि स्वतःच तो संवाद खोडला. चित्रानं वाक्याचं काम केलेलं मी पहिल्यांदा तिथं पाहिलं आणि या कामाविषयी मला जे वाटतं त्याची सुरुवात तिथली आहे.

मग चौकटी. ए-४ कागदावर एकाखाली एक तीन, प्रत्येक ८ सेंटिमीटर रुंद आणि ४.५ सेंटिमीटर उंच, म्हणजे १६ ला ९ हे पडद्याचं प्रमाण. शेजारी तीन रकाने: काय घडतं, कॅमेरा काय करतो, आवाज काय येतो. एचबी पेन्सिल, एक काळा मार्कर, आणि करडा रंग भरायला ४बी. सर म्हणायचे, पांढरा, करडा, काळा एवढ्यात भागव. छटा लावत बसलीस तर चित्र सुंदर होईल आणि शॉट राहून जाईल. माणूस हलत असेल तर चौकटीच्या आत बाण, कॅमेरा हलत असेल तर चौकटीच्या बाहेर बाण, हा आमचा आमच्यापुरता नियम. पुठ्ठ्याला त्याच प्रमाणाची खिडकी कापून ती डोळ्यासमोर धरायची सवय लागली. डोळ्याजवळ धरली की जास्त दिसतं, हात लांब केला की थोडंच दिसतं. बसमध्ये, मंडईत, वसतिगृहाच्या गच्चीवर मी तो पुठ्ठा घेऊन हिंडले.

हात तयार होता, हे मोठंच भांडवल होतं. पण त्या हाताला एक वळण लागलेलं होतं आणि ते इथं मोडावं लागलं. माझ्या पहिल्या चौकटीत ट्रक पूर्ण होता, टोळी पूर्ण होती, कडेला लिंब होता, मागं डोंगर. इंटरमिजिएटच्या परीक्षकाला आवडलं असतं. सरांनी एकच विचारलं, "हे बघतंय कोण?"

त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आधी उंची ठरवावी लागते. सपाट जमिनीवर कॅमेरा ज्या उंचीवर असेल त्या उंचीवरून क्षितिजरेषा जाते. मोठ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा असला तर मोठी माणसं जवळ असोत की लांब, सगळ्यांचे डोळे साधारण एका रेषेत येतात. मुलं त्या रेषेच्या खाली, बुटकी, वरून बघितलेली. कॅमेरा दहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांपर्यंत खाली आणला की तीच रेषा प्रत्येक मोठ्या माणसाच्या छातीवरून जाते. शेजारी उभा असलेला असो की सडकेच्या पलीकडचा, सगळे छातीच्या वर आभाळात. ट्रकचं चाक तोंडासमोर येतं. फाळका डोक्याच्या वर जातो. वर बसलेल्या आईचा चेहरा दिसत नाही, फाळक्यावर ठेवलेला हात दिसतो, कोपर दिसतं, बांगड्या दिसतात.

हे मी रेषा आखून, प्रमाण मोजून काढत होते, आणि काढता काढता थांबले. कारण ते चित्र मला माहीत होतं. मी लहानपणी हेच पाहिलं होतं. ताडपत्री बांधायचे लोखंडी हूक, चाकाला चिकटलेला चिखल, माणसांच्या पायातले बूट आणि चपला, पदराला धरून ओढणारी लहान भावंडं, आणि वरून येणारे आवाज, ज्यांचे चेहरे दिसत नाहीत. इतकी वर्षं या आठवणीचं मी जे चित्र मनात धरून होते ते स्मरणचित्राच्या पद्धतीचं होतं: दुरून बघितलेला ट्रक, हात हलवणारी माणसं, मागं बालाघाट. तसं मी कधीच पाहिलेलं नव्हतं. पाहणं शक्यच नव्हतं, मी ट्रकच्या बुडाशी उभी होते. भूमितीनं माझी आठवण मला परत मिळवून दिली, आणि त्या रात्री वसतिगृहात मी सलग चौकटी काढत राहिले.

मैत्रिणीशी माझा खरा वाद झाला तो यानंतर. तिला निरोपाच्या क्षणी आईचा क्लोजअप हवा होता, डोळे भरून आलेले. पटकथेत तसं होतं आणि तिचं कारणही होतं: ही बाई बातम्यांमध्ये नेहमी गर्दीतली एक म्हणून दिसते, तिला एकदा चेहरा मिळू दे. मला ते पटत होतं. पण मुलीच्या जागेवरून तो चेहरा दिसत नाही, आणि आख्खी फिल्म मुलीच्या जागेवरून बघायची असं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं. शेवटी मी तिला दोन्ही क्रम काढून दाखवले. एकात आईचा चेहरा, मुलीचा चेहरा, ट्रक. दुसऱ्यात फाळक्यावरचा हात, खाली मुलीचा वर केलेला चेहरा, आणि मग गाडी हलताना हात फाळका घट्ट धरतो तो. तिनं दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि दुसरा उचलला. आईचा चेहरा आम्ही परतीच्या प्रसंगासाठी राखून ठेवला, ती खाली उतरल्यावर, मुलीच्या उंचीला वाकल्यावर. शब्दांत भांडत बसलो असतो तर हे सापडलं नसतं.

त्यानंतर आम्ही बोर्ड घेऊन गावात गेलो. आई-वडिलांचं काम करणारं जोडपं त्याच टोळीतलं होतं आणि दोघांनाही वाचायला फारसं येत नव्हतं. पटकथा त्यांना वाचून दाखवली तेव्हा ते मान हलवत होते. बोर्ड पारावर पसरला तेव्हा भोवती माणसं जमली आणि सगळे बोलू लागले. "ही मपली पोरगी का?" असं विचारत बाई चौकटीवरून बोट फिरवत पुढं पुढं गेल्या आणि कुणी न सांगता गोष्ट बोलून दाखवली. मग एका चौकटीवर थांबल्या. "माय अशी रिकाम्या हातानं वर बसती का? तिच्या मांडीवर धाकटं असंल. थोरलीला ठिवून चालली, धाकट्याला कुठं ठिवंल?" पटकथेत धाकटं भावंड नव्हतं. त्या बोलल्यावर ते आलं, आणि फाळक्यावर एकच हात का आहे याला कारण मिळालं: दुसऱ्या हातानं तिनं लेकरू धरलंय. एका म्हाताऱ्या बाप्पांनी बैलाविषयी विचारलं. ही गाडी सेंटरची टोळी का डोकी सेंटरची? गाडी सेंटर असंल तर बैल कामून दिसंना? आमची टोळी डोकी सेंटरची, ऊस डोक्यावर वाहून ट्रकमध्ये भरणारी, तेव्हा बैल नव्हते. पण प्रश्न इतका नेमका होता की मी शेजारच्या रकान्यात ते लिहून टाकलं.

चित्रांची रांग लावून गोष्ट सांगणं आपल्याकडं नवं नाही, हे पारावर बसून फार जाणवलं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी परंपरा तेच करते. एकेक चित्र पुढं धरायचं आणि गात गात कथा न्यायची. आमच्या जिल्ह्यातच अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे ४० फूट लांब कापड, त्यावर वेदान्तातलं पंचीकरण ओव्यांमध्ये लिहिलेलं आणि जोडीला आकृत्या. अवघड विषय डोळ्यांसमोर उलगडावा म्हणून एका संतकवीला कापड अंथरावंसं वाटलं, ही गोष्ट मला बळ देते.

सिनेमातही आपला धागा जुना आहे. स्टोरीबोर्डचा इतिहास सांगताना पुस्तकं १९३०च्या दशकातल्या डिस्नेच्या स्टुडिओपासून सुरुवात करतात, जिथं चित्रं भिंतीवर टाचून ॲनिमेशनची गोष्ट बसवली जायची. पण कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर त्याआधीच कपडे, हालचाली, पात्रं कागदावर रेखाटून मग चित्रण करत. ते मुळात चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. १९२५ चा त्यांचा 'सावकारी पाश' कर्जात जमीन गमावून गिरणीत जाणाऱ्या शेतकऱ्याचा. त्यात तरुण व्ही. शांताराम शेतकरी झाले होते. उचल घेऊन घर सोडणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यात बसून मी हे वाचलं तेव्हा शंभर वर्षांचं अंतर फारसं वाटलं नाही. सत्यजित राय हेही आधी जाहिरात कंपनीतले चित्रकार. 'पथेर पांचाली'साठी त्यांनी नेहमीसारखी पटकथा न लिहिता शाईच्या चित्रांची वही केली आणि ती दाखवत निर्मात्यांकडं फिरले. ती वही पुढं त्यांनी पॅरिसच्या सिनेमातेकला दिली. आणि अगदी शेजारचं उदाहरण म्हणजे नगर. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट तिथल्या महाविद्यालयात शिकत असताना केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या वर्गात त्या फिल्मविषयी बोलताना प्रत्येकाचा आवाज थोडा चढायचा. आमच्या जिल्ह्यातल्या आष्टीवरून नगर जवळच.

ट्रक भरायला सकाळी सुरुवात झाली आणि दुपार कलता कलता नारळ फुटला. त्यामधल्या वेळात कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलानं एकदाही कुठं उभं राहू असं विचारलं नाही. नकाशावरच्या त्रिकोणांचे क्रमांक त्याला पाठ होते. त्यानं ट्रायपॉड पार खाली बसवला होता आणि स्वतः मातीत गुडघे टेकून बसला होता. मी बोर्ड हातात धरून एकेक चौकट खोडत होते. काही चौकटी घेताच आल्या नाहीत, कारण हॉटेलपुढं दुसराच टेम्पो येऊन थांबला. अशा वेळी कोणती सोडायची हेही बोर्डानंच ठरवलं: जिच्याशिवाय आधीची आणि नंतरची जोडली जातात ती सोडायची. आणि एक चौकट बोर्डावर नसताना मिळाली. मुकादम कोयते मोजत होता, वहीत खुणा करत होता, आणि मुलीचं काम करणारी पोर त्याच्या मागं उभी राहून बोटावर मोजू लागली. कॅमेरा योग्य उंचीवर आधीच होता म्हणून ते सापडलं. आधी आखून ठेवलं की अवचित येणारं निसटतं, असं मी काहींच्या तोंडून ऐकलं आहे. माझा अनुभव उलटा आहे. कुठून बघायचं ते ठरलेलं असलं की डोळे मोकळे होतात.

परतीचा प्रसंग आम्ही एप्रिलच्या उन्हात केला. ट्रक उजवीकडून आला. बाई खाली उतरल्या, धाकट्याला कडेवरून खाली ठेवलं आणि वाकल्या. तो चेहरा, ज्यासाठी मैत्रीण इतकी भांडली होती, पडद्यावर पहिल्यांदा पूर्ण दिसतो. त्यांचा रंग हंगामात रापलेला होता, हाताला उसाच्या पात्याचे ओरखडे होते. ते मी चौकटीत काढलेले नव्हते आणि काढता आलेही नसते.

आता धाकट्या वर्गातल्या मुलांना मी बोर्ड शिकवते. चित्रकला येत नाही म्हणून मागं सरकणाऱ्याला मी आधी पुढं बसवते. काठीसारखी माणसं काढली तरी चालतं, उंची आणि दिशा बरोबर असली म्हणजे झालं. सध्या त्यांनी बीडच्या खजाना विहिरीवर फिल्म करायचं घेतलंय. निजामशाहीच्या काळातली ती गोल विहीर, आत उतरलं की भोवतीनं फिरता येतं, आणि पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून वाहतं. नकाशा काढला तेव्हा पहिला प्रश्न एका मुलानं केला: माणसं विहिरीभोवती फिरत राहणार असतील तर रेषा कुठं धरायची? आम्ही दोन उत्तरं काढून पाहिली आहेत. एकात रेषा पाणी शेंदणाऱ्या बाईपासून पाण्यापर्यंत उभी घेतली आहे, दुसऱ्यात प्रत्येक वळणावर पाण्यावरचा उजेड चौकटीच्या एकाच बाजूला ठेवून दिशा सांभाळली आहे. रविवारी पुठ्ठे घेऊन आत उतरायचं आणि कुठली टिकते ते बघायचं, असं ठरलंय.